चाकाखालचे सहा इंच

लुइसटाउन, मोंटाना
२८ ऑगस्ट २००३

प्रिय ब्रिट,

माझं पत्र बघून दचकू नकोस. आई बरी आहे. आत्ता काचेपलीकडे यंत्राला जोडून बसलीय आणि शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला पत्त्यांत लबाडी कशी करायची ते शिकवतेय. तिचं रक्त धुऊन निघायला चार तास लागतात. तेवढा वेळ मला काही काम नसतं. फोन करावा तर आमचा फोन स्वयंपाकघरात, आणि मूत्रपिंडं गेली तरी आईचे कान शाबूत आहेत. शिवाय फोनवर तुझं-माझं तिसऱ्या वाक्याला वाजतं. म्हणून कागद घेतला.

गोष्ट अशी आहे. आठवड्यातून तीनदा आम्ही इथे येतो. डांबरी रस्त्याचं काही वाटत नाही. घरापासून डांबरापर्यंतचा अकरा मैलांचा मातीचा रस्ता, तोच जीव खातो. तू नेहमी जुलैत येतेस, तुला तो कोरडा ठाऊक आहे. ओला झाला की हा गंबो, ही इथली चिकट माती, आधी साबणासारखा होतो आणि मग चाकाला चिकटून सिमेंट. जूनमध्ये पाऊस लागला आणि आईच्या लागोपाठ दोन फेऱ्या बुडाल्या. तिचे पाय असे सुजले की सपाता चढेनात. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायची. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतोय.

तर मी मोठी गाडी उंच करून घेतोय. महिनाभर कॅटलॉग चाळतोय. एक प्रकार असा की चेसी आहे तिथेच ठेवायची आणि वरचा सांगाडा तेवढा ठोकळ्यांवर उचलायचा. त्यानं मोठे टायर मावतात, पण गाडीचं पोट जिथल्या तिथे. म्हणजे टोपी उंच, माणूस तेवढाच. दुसरा प्रकार, सस्पेन्शनमध्ये तीन इंच वाढवायचे. तिसरा, सस्पेन्शन जवळजवळ सगळंच बदलायचं. सहा इंच उंची, लांब शॉकअप, मागे नवे पाटे आणि खाली पस्तीस इंची टायर. गॅरेजवाला लायल म्हणतो, तीन पुष्कळ झाले. मी सहा धरून बसलोय.

तुला विचारत नाहीये, कळवतोय. पण तुझ्या कानावर आईकडून येण्यापेक्षा माझ्याकडून यावं, एवढंच.

वेंडेल


डुलुथ, मिनेसोटा
६ सप्टेंबर

वेंडेल,

गाडी करतोयस की गच्ची?

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि उंचीला जेमतेम पाच फूट. ती चढणार कशी? शिडी लावणार आहेस की गवताच्या गठ्ठ्यासारखी वर फेकणार आहेस?

मी विम्याच्या कचेरीत दावे तपासते हे तू विसरलास काय? माझ्या टेबलावर उलटलेल्या गाड्यांचे फोटो येतात. उंच केलेली गाडी मला फोटो हातात घ्यायच्या आधीच ओळखू येते. ती पाठीवर पडलेल्या कासवासारखी असते. तिच्या छपराकडे मी शक्यतो बघत नाही. जेवढं वर उचलशील तेवढी ती लवकर कलंडेल, आणि जेवढे जड टायर घालशील तेवढी उशिरा थांबेल. हे मी कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही.

जूनमधलं तू लपवलंस, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर कागद पुरायचा नाही.

आमच्या घरापासून दवाखाना चार चौक आहे. खालची खोली रिकामी आहे. रॉजरनं न्हाणीघरात धरायला दांडासुद्धा बसवलाय. वेंडेल, कारिन जाऊन साडेतीन वर्षं झाली. माझ्या बहिणीमागे तू माझ्या आईला सांभाळलंस, हे दुसऱ्या कुठल्या जावयानं केलं नसतं, आणि मी ते जन्मभर विसरणार नाही. पण ती जबाबदारी आता माझी आहे. तिला इकडे पाठव. तुझी गुरं बघ, तुझं आयुष्य बघ.

आणि सहाच का? लायल तीन म्हणतो, गाड्यांतलं त्याला कळतं. तुझ्या तोंडी मात्र सहा! शाळकरी पोरगा असतास तर समजलं असतं. तू पन्नाशीचा आहेस.

ब्रिट


लुइसटाउन
१९ सप्टेंबर

प्रिय ब्रिट,

झालं. सहा इंच, पस्तीसचे टायर.

लायलनं तीन दिवस घेतले. गाडी घेऊन गॅरेजमधून बाहेर पडलो तर पहिल्याच वळणाला टायर आतून घासला, असा आवाज आला की शेजारच्या न्हाव्यानं दार उघडून बघितलं. परत आत घेतली. मडगार्डची आतली कड कापली, तेव्हा चाक पूर्ण वळायला लागलं. स्टेपनी खालच्या जागेत मावत नाही, ती मागे सामानात ठेवलीय, आईच्या घडीच्या खुर्चीशेजारी. वेगाचा काटा चुकीचा दाखवतो, मोठ्या चाकामुळे. तोही लायल सवडीनं नीट करून देणार आहे.

तुझ्या शिडीचं म्हणशील तर मी तीन पायऱ्यांची लाकडी घडवंची केलीय, बाजूला धरायला कठडा. आई एक-एक पायरी चढते. वर पोचली की डाव्या-उजव्या बाजूला असं बघते जणू सभेला आलेल्या लोकांना हात करायचाय. गुरुवारी पाऊस होता. आम्ही वेळेत पोचलो. एकही फेरी बुडाली नाही.

तुझी खोली चांगली असणार यात शंका नाही. पण आईचं मन इथे आहे. तिला इथून हलवणं मला जमणार नाही आणि तुलाही जमू नये असं मला वाटतं.

आई म्हणतेय, मलाही दोन ओळी लिहू दे. घे बाई.

ब्रिट, गाडी छान आहे. वरून कुंपणापलीकडची ऑस्बींची गुरं दिसतात. त्यांची आपल्यापेक्षा बारीक आहेत. तुझी आई.

वेंडेल


डुलुथ
५ ऑक्टोबर

वेंडेल,

रविवारी आईशी फोनवर बोलले. तू गुरांकडे होतास. हवा, चर्च, ऑस्बींच्या सुनेचे केस, सगळं झालं. मग ती सहज म्हणाली, "कपाळ आता निळ्याचं पिवळं झालंय."

मी म्हटलं, "कसलं कपाळ?"

ती म्हणाली, "दारावर आपटले."

"कुठल्या दारावर?"

"एक दार होतं."

ती खोटं बोलायला लागली की असंच बोलते, तुला माहीत आहे. मी जोर केला तर म्हणाली, "खड्ड्यात गेलो तेव्हा लागलं, पण वेंडेलला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून." आणि फोन ठेवून दिला.

काय झालं ते मला लिहून कळव. सगळं. मी कचेरीत रोज लोकांची अर्धी-अर्धी उत्तरं वाचते. मला घरातून तशी नकोत.

ब्रिट


लुइसटाउन
१३ ऑक्टोबर

प्रिय ब्रिट,

सत्तावीस तारखेला घरी परतत होतो. डांबरावरच होतो, कोरडा रस्ता, लख्ख ऊन. हरणांचा कळप कुंपणाखालून निघून आडवा आला. काटा साठ दाखवत होता. काटा चुकीचा आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी काट्यावरच विसंबलो. गाडी त्याहून बरीच जोरात होती. ब्रेक दाबला तर वाटलं, ब्रेक आहे पण गाडीला तो मान्य नाही. मी स्टिअरिंग वळवलं. एवढंच चुकलं. गाडी एका अंगावर झुकली, इतकी की आई माझ्या वर आहे असं मला दिसलं, खिडकीत फक्त आभाळ. मग ती परत आपटली आणि आम्ही चरात जाऊन थांबलो. आईचं कपाळ काचेला लागलं. रक्त नाही. डॉक्टरला दाखवलं. ठीक आहे.

ती म्हणाली, "हरणं वाचली का?" माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, तिनं एक-एक बोट सोडवलं.

मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेली असतीस.

तू विचारलंस सहाच का. सांगतो. कारिनला नेल्यानंतर मी तिची गाडी आणायला गेलो होतो. तोवर चिखल गोठला होता, सगळं जसंच्या तसं. गाडी दोन चाकोऱ्यांच्या मधल्या वरंब्यावर पोट टेकून बसली होती आणि पुढची चाकं हवेत. नुसती फिरली असणार ती, कितीही रेस केलं तरी. खिशात टेप होती. चाक आणि जमीन यांच्यामध्ये सहा इंच भरले.

गाडी सहा इंचांनी उंच असती तर कारिन आरामात निघाली असती आणि घरी आली असती. ती उतरली नसती, चालत निघाली नसती, बर्फाच्या वाऱ्यात गारठून गेली नसती. हे मी रोज मोजतो, ब्रिट. कॅटलॉग उघडायच्या आधीपासून माझा आकडा ठरलेला होता.

वेंडेल


डुलुथ
२१ ऑक्टोबर

वेंडेल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि रॉजरला वाचू दिलं नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला गोड लिहिता येत नाही. तरी प्रयत्न केला, दोन कागद फाडले. आता जे आहे ते लिहिते.

कारिन सहा इंच कमी पडले म्हणून गेली नाही. अडकलेली गाडी माणसाला मारत नाही. ती गाडीतून उतरली म्हणून गेली. तिच्याकडे घोंगडी होती, टाकी अर्धी भरलेली होती, तू तिला शोधत येणारच होतास. तिनं बसून राहायला हवं होतं. ती बसली नाही, कारण आमच्या घरात कुणी बसून राहायला शिकलेलंच नाही. हे तुझ्या टेपनं मोजता येणार नाही.

आणि तू तो एक खड्डा बुजवायला दुसरा खणतोयस. तिच्यासाठी उंच केलेल्या गाडीत माझी आई बसवतोयस.

तीनवर आण. तेहतीसचे टायर घाल. काटा नीट करून घे, ब्रेक बघून घे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत झालं नाही तर मी येते आणि तिला नेते, मग तू दारात आडवा झोपलास तरी.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. भ्यायले आहे. माझ्याकडे दोन्ही सारखीच दिसतात.

ब्रिट


लुइसटाउन
८ नोव्हेंबर

ब्रिट,

तीन केले. तेहतीसचे टायर. काटा बरोबर. लायल एक शब्दही बोलला नाही, ते जास्त लागलं.

वेंडेल


बिलिंग्ज, मोंटाना
२४ मार्च २००४

प्रिय ब्रिट,

नर्सनं उशी लावून दिलीय, तिच्यावर कागद ठेवून लिहितोय. अक्षर गायीनं लिहिल्यासारखं आलं तर समजून घे, शेवटी गायीचाच प्रताप आहे. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की व्यालेल्या गायीच्या आणि फाटकाच्या मध्ये उभं राहू नये. कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडे गेलेत. सहा आठवडे तरी हलू देणार नाहीत.

तू सुट्टी काढून आलीस, धावत आलीस, त्याबद्दल काय लिहू? ऑस्बींचा पोरगा गुरं बघतोय, ती काळजी करू नकोस. काळजी रस्त्याची कर. बर्फ वितळायला लागलंय, हे दिवस सगळ्यात वाईट. मी इथे पडल्या पडल्या छताकडे बघत रोज तो रस्ता चालवतो. तेव्हा नीट वाच.

निघायच्या आधी टायरमधली हवा थोडी कमी कर, पसरट झाले की माती धरतात. डांबरावर पोचलीस की मागच्या पंपानं परत भर. चारही चाकांचा गिअर घरापासूनच टाक, अडकल्यावर नाही. चाकोरीत उतरू नकोस. एक चाक वरंब्यावर, एक कडेच्या गवतावर. ब्रेकवर पाय ठेवायचाच नाही, वेग पायानं कमी-जास्त कर. मध्ये थांबू नकोस. गाडी आपल्या मनानं आडवी व्हायला लागली की तिच्याशी भांडू नकोस, जरा जाऊ दे, मग हळूच आण. तुला हे अवघड जाईल.

आणि अडकलीच तर दोघी गाडीत बसून राहा. तूच मला लिहिलं होतंस.

आईला सांग मी जेवतो. जेवत नाही, पण सांग.

वेंडेल


लुइसटाउन
७ एप्रिल

प्रिय वेंडेल,

आई यंत्राला लागलीय. हे पहिल्यांदा लिहिते म्हणजे पुढचं तुला धड वाचता येईल.

शनिवारी बर्फ आणि मंगळवारी पाऊस, दोन्ही फेऱ्या बुडाल्या. काल संध्याकाळी तिला चार शब्द सलग बोलता येईनात. पाय दाबला की बोटाचा खळगा तसाच राहायचा. दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले, काहीही करा पण उद्या आणा. हेलिकॉप्टर विचारलं तर ढग फार खाली आहेत. रस्ता सारखा करणारं यंत्र पलीकडच्या भागात अडकलेलं. मग सकाळी उजाडल्यावर तुझं पत्र गाडीत समोर ठेवलं, हवा कमी केली आणि निघालो. आईनं मांडीवर बटाट्याच्या पोळ्यांचा डबा घेतला होता आणि त्या उलटायची ती लांब चपटी काठी. मी म्हटलं, "हे आत्ता कशाला?" तर म्हणाली, "त्या नर्सला शिकवायचंय. कबूल केलंय." स्वतःला बटाटा वर्ज्य, श्वास पुरत नाही, आणि नर्सला पोळ्या शिकवायच्या.

पहिल्या मैलाला मला कळलं, तू काय म्हणत होतास. गाडी रस्त्यावर नव्हती, रस्त्यावर तरंगत होती. मी विचारलं, "जोरात घेऊ की हळू?"

आई म्हणाली, "वेंडेल बोलत नाही. तूही बोलू नकोस."

उताराच्या पुढे, जिथे ते वाकडं झाड आहे, तिथे तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. चाकोऱ्या भयंकर खोल होत्या. मी एक चाक वरंब्यावर धरलं. खालून एकदा खरवडल्यासारखा आवाज आला आणि आम्ही पार झालो. तिनं हात काढून घेतला.

"इथेच का?" मी विचारलं.

"पुढे बघ."

म्हणून सांगते, तिथून आम्ही निघालो. तुझे तीन इंच तिथे पुरले.

अडकलो ते पुढे, अगदी सपाट जागी, डांबर अर्ध्या मैलावर असताना. खड्डा नाही, चढ नाही, काही नाही. मातीच वर चढत गेली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी ठासली की चाक फिरायचंच बंद झालं. इंजिन रडतंय आणि चाक जागचं हलत नाही. मोठे टायर, त्यांनीच जागा खाल्ली, वेंडेल. जुने असते तर माती निघून तरी गेली असती. सहा इंच असते तरी, दहा असते तरी, तिथे काही उपयोग नव्हता.

समोर डांबर दिसत होतं. दोन ट्रक गेलेले दिसले. आईचा श्वास घरघरत होता, ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी दार उघडलं. "पळत जाते, कुणाला तरी थांबवते. अर्धा मैल तर आहे."

तिनं माझी बाही धरली. त्या हातात एवढी ताकद कुठून आली, देव जाणे.

"तिलाही घर जवळच वाटलं होतं," ती म्हणाली.

"आई, मी बसून राहिले तर तू मरशील."

"मग माझ्याजवळ बसलेली असशील. मी तुझी वाट बघत मरणार नाही. एकीची बघितली."

मी दार लावून घेतलं आणि रडले. तुझ्यासमोर रडले नसते, म्हणून लिहिते. मग ती म्हणाली, "रडून झालं असेल तर ही घे," आणि ती पोळ्या उलटायची काठी माझ्या हातात दिली. "पण एक हात गाडीला. मला दिसत राहा."

मी खाली उतरले. एका हातानं दार, मग मडगार्ड, मग बंपर धरून चारी चाकांची माती उकरली. ती माती नाही, ओली कणीक आहे, आणि तिच्यात दगड. आई काच खाली करून बघत होती. तिचं बोलणं तुटत होतं, पण थांबत नव्हतं. मला वाटतं मी दिसेनाशी झाले तरी आवाजानं मला बांधून ठेवत होती. शेवटच्या चाकाशी असताना मी वैतागून म्हटलं, "आई, तू डुलुथला का येत नाहीस? काय आहे तुझं इथे? ह्या चिखलासाठी थांबलीस?"

ती म्हणाली, "चिखलाला काय करायचंय? मला तर गावातली खोलीसुद्धा चालेल. पण मी गेले तर तो तिथे एकटा राहील. तो मला सांभाळतोय म्हणून सकाळी उठतो. वेंडेलला सांगू नकोस."

मी सांगतेय. ह्या घरात "सांगू नकोस" फार झालं.

काठी मोडली, उरलेल्या तुकड्यानं आणि हातांनी काढलं. तिसऱ्या झटक्याला गाडी हलली आणि मग मी डांबर येईपर्यंत श्वास घेतला नाही. हवा भरायची विसरले. तशीच आणली, टायर फडफडत. लायलला दाखवेन.

आत्ता तिच्या गालावर रंग आलाय. नर्सनं काठी विचारली. आई म्हणाली, "माझ्या मुलीनं मोडली. तिला स्वयंपाकातलं काही येत नाही."

ब्रिट


बिलिंग्ज
१३ एप्रिल

प्रिय ब्रिट,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. नर्सला वाटलं दुखतंय.

मला वाटत होतं आईचा जीव त्या घरात आहे. कारिनची खोली, तिनं लावलेली ती लायलॅकची झुडपं, टेकडीवर तिला पुरलं ती जागा. मी मनात म्हणायचो, म्हातारीची मुलगी गेली, आता हे घर तरी तिच्याकडून काढून घेऊ नये. म्हणून गाडी उंच केली. मग खाली आणली. मग रोज आभाळाकडे बघितलं. मला तो रस्ता आवडत नाही, ब्रिट. मला त्या रस्त्याची किळस आहे. माझ्या एकट्यावर असतं तर मी दुसऱ्या दिवशी सोडून गेलो असतो.

आणि ती माझ्यासाठी बसलीय. सुजलेल्या पायांनी. साडेतीन नाही, आता चार वर्षं होतील. दोघंही एकमेकांसाठी तिथे बसलोय आणि दोघांनाही तिथे राहायचं नाही. असला मूर्खपणा गुरंसुद्धा करत नाहीत.

ऑस्बी किती वर्षं माझं कुरण मागतोय. आज त्याला फोन केला. आणि लायलच्या बहिणीचं दवाखान्यामागचं घर भाड्यानं मिळतंय का बघ. दोन खोल्या पुरे. आईला अजून सांगू नकोस. नको, सांग. आत्ताच सांग.

एक विचारायचं होतं. तू तिला डुलुथला न्यायचं म्हणतेस. नेणार असलीस तर मी अडवणार नाही, तो हक्क तुझा आहे. पण तिलाच विचार. आणि ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळव, माझ्या सोयीचं करून नको.

वेंडेल


लुइसटाउन
१७ ऑक्टोबर २००४

प्रिय ब्रिट,

हे पत्र दवाखान्यातून नाही, घरून लिहितोय. नव्या घराचं स्वयंपाकघर एवढं लहान आहे की आई ओट्याशी आणि मी टेबलाशी असलो तरी ती माझं पत्र वाचू शकते. वाचतेय. म्हणते, ब्रिटला लिही की पडदे तिनं पाठवले ते चांगले आहेत पण फार पिवळे आहेत.

मला लाकडाच्या वखारीत काम मिळालंय, बसून करायचं. कमर थंडीत बोलते. शनिवारी कोरडं असलं तर कुरणावर जातो, टेकडीवर थोडा वेळ बसतो आणि उजेडात परत येतो. आई दर वेळी विचारते, "घर कसं आहे?" मी म्हणतो, "आहे." मग आम्ही जेवतो. एवढंच. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, आणि ते तुला लिहिताना मला थोडी लाजही वाटते.

आई म्हणते, ख्रिसमसला तूच ये, रॉजरला घेऊन. तुला झोपायला माझी खोली, मी बाहेर कोचावर. तिला डुलुथला न्यायचं तू परत विचारलंस तर ती म्हणते, विचारू दे, मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देईन.

खरं म्हणजे मी कालचं सांगायला बसलो.

काल तिच्या यंत्राचा दिवस होता. सकाळी कुणीतरी माझा खांदा हलवला. डोळे उघडले तर आई कुबडी घेऊन पलंगाशी उभी, कोट घातलेला, डोक्याला रुमाल, चेहरा पांढरा फटक.

"आठ वाजून गेले," ती म्हणाली. "तीन हाका मारल्या. मला वाटलं, गेला हा."

मी उठून बसलो. खिडकीतून बघितलं तर सगळं भिजलेलं. गटारं भरून वाहत होती, पलीकडच्या घराच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं, रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या. रात्रभर पाऊस पडला होता, ब्रिट. चार वर्षांत असा पाऊस मी झोपेत घालवला नव्हता. मला कळलंच नाही तो कधी आला.

आई म्हणाली, "असा काय बघतोस? पाऊस बघितला नाहीस कधी?"

मी बूट घातले. छत्री एकच सापडली. तिनं एका हातात कुबडी घेतली, दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं आणि आम्ही दोघं चालत दवाखान्यात गेलो.

वेंडेल